सगळ्यात भारी पिचर आमचा, संघ मात्र तळाला

तीन_नद्या

पॉल स्कीन्सला २०२५ चं साय यंग मिळालं. पहिल्या क्रमांकाची तीसच्या तीस मतं त्यालाच. आमच्या पिट्सबर्गच्या ग्रुपवर कालपासून टाळ्या आणि फुलं चालली आहेत आणि मी एकटाच करवादलोय. तिथे बोललो तर रसभंग केल्याचं पाप लागेल, म्हणून इथे धागा काढतो. बेसबॉल न बघणाऱ्यांनी पळू नये, लागेल तेवढं सांगत जाईन.

साय यंग म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान. नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीग, दोन्हीकडे एकेक. स्कीन्स आमच्या पायरेट्सचा, वय अवघं २३. यंदा त्याचा ईआरए १.९७. नऊ इनिंगमागे पिचर स्वतःच्या खात्यावर किती रन देतो त्याची ही सरासरी. दोन्ही लीगमधल्या नियमित पिचरांत याहून कमी कुणाची नाही. आणि एवढं करून या पोराचा हिशेब काय? १० जिंकले, १० हरले.

पिचरच्या नावावर जिंकणं-हरणं लिहायची इथे जुनी पद्धत आहे. बावळट पद्धत आहे. पिचरने रन अडवायचे, काढायचे दुसऱ्यांनी. पण यंदा त्या बावळट आकड्यानेच खरं बोलून दाखवलं. १८ मेची फिलाडेल्फियातली मॅच घ्या. स्कीन्सने आठ इनिंग एकट्याने टाकल्या, एक रन दिला. कारकिर्दीतला पहिला कम्प्लीट गेम. आठच का, तर यजमान पुढे असतील तर नवव्या इनिंगमध्ये त्यांना बॅटिंगला यावंच लागत नाही. म्हणजे गड्याने अख्खा सामना टाकला आणि १-० ने हरला. सत्तावीस आउट हातात असताना आमच्या मंडळींना एक रन काढता आला नाही. एक!

एकूण संघ ७१-९१. सेंट्रल डिव्हिजनमध्ये पाचात पाचवे. होमरन तीसही संघांत सर्वात कमी. १२-२६ असताना मे महिन्यात मॅनेजर डेरेक शेल्टनला नारळ दिला, डॉन केलीला आणलं. थोडी धुगधुगी आली, पण बॅटर तेच.

नवीन लोकांसाठी जरा मागचं. १४ ऑक्टोबर १९९२, अटलांटा, लीगच्या फायनलची सातवी मॅच. नवव्या इनिंगला आम्ही २-० पुढे. तीन आउट काढले की वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांची अंतिम लढत. मग एक हिट, सेकंड बेसमनच्या हातून सुटलेला साधा बॉल, एक वॉक (बॅटरला फुकटचा बेस), बेस भरले. एक रन गेला. दोन आउट झाले आणि फ्रान्सिस्को कब्रेरा नावाचा, हंगामभर फारसा न खेळलेला माणूस बॅटिंगला आला. त्याने लेफ्ट फील्डला सिंगल मारला. तिथे बॅरी बॉन्ड्स. सेकंड बेसवरून धावत होता सिड ब्रीम, जो आधी आमच्याकडेच खेळायचा आणि ज्याच्या गुडघ्यांचं तोवर वाटोळं झालेलं होतं. बॉन्ड्सचा थ्रो किंचित फर्स्ट बेसच्या बाजूला पडला. कॅचर वळून टॅग करेपर्यंत ब्रीमचा पाय प्लेटवर. ३-२. बॉन्ड्स त्याच हिवाळ्यात सान फ्रान्सिस्कोला गेला आणि त्यानंतर १९९३ ते २०१२, सलग २० हंगाम आम्ही जिंकल्यापेक्षा जास्त हरलो. उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या व्यावसायिक खेळात एवढी सलग नामुष्की कुणी केलेली नाही. मी इथे आलो तो या वीस वर्षांच्या मधोमध.

२०१३ ला उजाडलं. आमचा अँड्रू मॅककचन एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू. सिनसिनाटीविरुद्धच्या वाइल्ड कार्ड सामन्यात (प्लेऑफमध्ये पुढे जायचा एकच निर्णायक सामना) चाळीसेक हजार लोक पिचर जॉनी क्वेटोचं नाव सुरात ओढत होते, त्याच्या हातून बॉल निसटून खाली पडला आणि पुढच्याच पिचवर रसेल मार्टिनने होमरन मारला. जे झालं ते डोळ्यांनी बघूनही खरं वाटत नव्हतं. २०१४ ला पुन्हा वाइल्ड कार्ड, घरच्या मैदानावर ८-० मार. २०१५ ला तर ९८ विजय, आणि तरी एकच सामना, समोर शिकागोचा पिचर जेक एरिएटा, ४-० आणि चला घरी.

त्यानंतर प्लेऑफचं तोंड पाहिलेलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने गेरिट कोल आणि मॅककचन दोघांना विकून टाकलं. त्याच वर्षी जुलैत क्रिस आर्चर नावाच्या पिचरसाठी टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघे दिले. आर्चरचं पुढे काय झालं ते विचारू नका, जेवण व्हायचंय माझं.

हरण्याची सवय आहे हो. राग येतो तो वेगळ्याचा. आमच्या मालकाला जिंकायची गरजच नाही. बॉब नटिंग २००७ पासून मुख्य मालक, घरचा वर्तमानपत्रांचा धंदा. २०१० मध्ये संघाचे हिशेबाचे कागद फुटले, तेव्हा कळलं की २००७ आणि २००८ या दोन पडेल वर्षांत मिळून सुमारे २.९ कोटी डॉलर नफा झालेला. २०२५ पर्यंतचं सगळ्यात मोठं कंत्राट कुणाला, तर ब्रायन रेनॉल्ड्सला, आठ वर्षांचे १०.६७५ कोटी. लॉस एंजेलिसच्या डॉजर्समधल्या ओटानीचे दहा वर्षांचे ७० कोटी आहेत.

आणि यंदा तर जखमेवर मीठ. आमच्या मैदानाची, पीएनसी पार्कची राइट फील्डची भिंत २१ फूट उंच आहे, आमचा जुना दिग्गज रॉबर्टो क्लेमेंटेचा नंबर २१ म्हणून. तिथलं त्याच्या नंबरचं चिन्ह काढून दारूच्या कंपनीची जाहिरात लावली. क्लेमेंटेच्या मुलाने सांगितलं की घरच्यांना कुणी विचारलंही नव्हतं. बोंबाबोंब झाल्यावर चिन्ह परत आलं. मग विटा. मैदान २००१ मध्ये उघडलं तेव्हा लोकांनी पैसे भरून आईबापांची, मुलांची नावं कोरलेल्या विटा प्रवेशद्वारापाशी बसवून घेतल्या होत्या. त्या उखडल्या आणि त्यांचा ढीग भंगाराच्या आवारात पडलेला कुणीतरी फोटो काढून टाकला. नंतर क्लबने प्रतिकृती करू म्हणून सांगितलं. घरच्या पहिल्या मॅचला आकाशात विमान फिरत होतं, मागे फलक: बॉब, संघ विकून टाक.

तर मी ठरवलंय, २०२६ मध्ये एकही तिकीट काढायचं नाही. पीनट नाहीत, टोपी नाही, पार्किंगचे वीस डॉलर नाहीत. बायको म्हणते, स्कीन्स टाकत असेल त्या दिवशी तुझ्याच्याने राहवणार नाही. तुम्ही काय केलं असतं?

खारीबिस्कीट

पैला मी! वाचायला मजा आली, कळलं निम्मंच. रिंकू सिंग या टीमकडून खेळायचा ना? केकेआरचा? का मी घोळ घालतेय?

मन्रोविलकर

खारीताई, घोळच आहे पण बरोबर दिशेने आहे :)
रिंकू सिंग दुसरा. उत्तर प्रदेशातलाच, भालाफेक करायचा. भारतात २००८ मध्ये वेगाने बॉल फेकायची एक स्पर्धा घेतली होती, हजारो पोरं आली होती. त्यातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल असे दोघे निवडून अमेरिकेत आणले आणि त्याच वर्षी पायरेट्सने करारबद्ध केले. अमेरिकन संघाशी व्यावसायिक करार करणारे पहिले भारतीय. बेसबॉल त्याआधी बघितलेलाही नव्हता. २००९ ला फ्लोरिडात ब्रेडेंटनला नवशिक्यांच्या लीगमध्ये खेळले. दिनेश लवकर परत गेला, रिंकू पुढे काही वर्षं टिकला, मेजर लीगपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीपर्यंत पोचला नाही. नंतर कुस्तीत गेला, वीर महान म्हणून. भस्म फासून यायचा तो.

त्या वर्षी आमच्या देवळात (पेन हिल्सचं वेंकटेश्वर) प्रसादाच्या रांगेत जो तो बेसबॉलचा जाणकार झालेला होता.

धाग्याशी सहमत. पण तिकीट न काढणं हा उपाय नव्हे. सविस्तर नंतर लिहितो, मीटिंग आहे.

चौथा_अंपायर

वाचून पुण्याची आठवण झाली. सहारावाले पुणे वॉरियर्स आठवतात का कुणाला? गहुंज्याला उन्हातान्हात जाऊन आम्ही तळाच्या टीमला टाळ्या वाजवल्या. २०१२ ला नऊ संघांत नववे. २०१३ नंतर टीमच गुंडाळली. मग सुपरजायंट आले, २०१७ ला फायनलला, समोर मुंबई, आणि १३० चा पाठलाग करताना एका रनने गेलो. पुढच्या वर्षी तीही टीम नाही. तीन_नद्या, तुमच्याकडे निदान संघ तरी आहे हो.

एक प्रश्न. आयपीएलमध्ये सगळ्यांना सारखी पर्स असते, गेल्या मोठ्या लिलावाला १२० कोटी होती. ओटानीला ७० कोटी डॉलर आणि तुमच्या सगळ्यात महागड्याला दहा-अकरा, हे चालतंच कसं?

आकडेमोड

चौथा_अंपायर, कारण बेसबॉलमध्ये पगारावर टोपण, म्हणजे संघाच्या एकूण पगाराला वरची मर्यादा नाही. फुटबॉलला आहे (इथलं फुटबॉल), आइस हॉकीला आहे. बेसबॉलमध्ये फक्त एक रेषा आहे, २०२५ ला २४.१ कोटी डॉलरची. ती ओलांडली की दंडकर भरायचा. ज्याच्याकडे पैसा आहे तो खुशाल भरतो. आणि महत्त्वाचं म्हणजे खालीही रेषा नाही. किमान इतका पगार दिलाच पाहिजे असं कुणी म्हणत नाही.

आता गंमत बघा. प्रत्येक संघाने आपल्या स्थानिक उत्पन्नातले ४८ टक्के एका सामायिक हौदात टाकायचे आणि हौद तीस जणांत सारखा वाटायचा. शिवाय देशभरच्या टीव्हीचे पैसे सारखे. म्हणजे लहान शहराच्या संघाला काही न करता बऱ्यापैकी रक्कम हातात येते. हेतू हा की त्यांनी ती खेळाडूंवर घालावी. घातली नाही तर? खेळाडूंच्या युनियनने याबद्दल तक्रारही केलेली आहे, पायरेट्सचं नाव घेऊन.

खालच्या लीगमध्ये ढकलणं हा प्रकार इथे नाही. शेवटून पहिला आलात तरी पुढच्या वर्षी तीच लीग, तेच तीस संघ. वर ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) चांगला नंबर. तीन_नद्या यांनी एक गोष्ट सांगितली नाही ती मी सांगतो. पायरेट्स २०२२ ला ६२-१०० होते. त्यामुळे लॉटरीत त्यांना सगळ्यात जास्त शक्यता असलेल्या तिघांत जागा मिळाली, ती चिठ्ठी लागली आणि पहिल्या क्रमांकावर त्यांनी २०२३ ला उचलला तो हाच पॉल स्कीन्स. शंभर सामने हरल्याचं बक्षीस आहे तो.

एलएकर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.
रच्याकने, ग्लासनाऊबद्दल मनापासून आभार, तो आता आमच्या डॉजर्सकडे आहे. वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या मॅचला नवव्या इनिंगमध्ये आला, तीन पिच टाकले, डबल प्ले (एका बॉलवर दोन आउट), विषय संपला. छान सांभाळून पाठवलात.

तीन_नद्या

एलएकर, जेवण झालं नव्हतं म्हटलं होतं ना मी.

आकडेमोड, मुद्दा बरोबर, आणि तो मी मुद्दाम टाळला नव्हता, लिहिता लिहिता राग पुढे गेला. पण लहान शहराचं रडगाणं मला पटत नाही. मिलवॉकी काय मोठं शहर आहे? आमच्याच डिव्हिजनमध्ये, यंदा ९७ विजय, सगळ्या बेसबॉलमध्ये सर्वाधिक. टॅम्पाकडे बघा, पैसे नाहीत पण डोकं आहे. त्यांनी आमच्याकडूनच ग्लासनाऊ नेला आणि आम्हाला आर्चर चिकटवला. म्हणजे पैसा नसणं हे एक कारण आणि असलेला नीट न वापरणं हे दुसरं, आणि आमच्याकडे दोन्ही सुखाने नांदतात.

आणि आमच्याच गावात बघा की. फुटबॉलचे स्टीलर्स, सहा सुपर बोल. आइस हॉकीच्या पेंग्विन्सनी २००९, २०१६, २०१७ ला स्टॅनली कप आणला. तिन्ही संघांचे रंग तेच, काळा आणि सोनेरी. एकाच गल्लीत घराघरावर तोच झेंडा, आणि त्यातला एकच घरातला वाया गेलेला मुलगा.

रेवती_म

मी बेसबॉलमधली तज्ज्ञ नाही, पण मैदानात दर उन्हाळ्यात जाते, मुलांना घेऊन. माझं मत वेगळं आहे.

पाचव्या इनिंगनंतर पिएरोगींची शर्यत असते. पिएरोगी म्हणजे बटाट्याचं वगैरे सारण भरलेली पोलिश उकडीची करंजीच. ती वेषभूषा चढवलेली माणसं मैदानाच्या कडेने धावतात. माझी धाकटी हॅलपिन्यो हॅनाची भक्त आहे. तिला हॅना जिंकली की नाही एवढंच माहीत असतं, स्कोअर विचाराल तर सांगता येणार नाही. समोर नदी, पिवळा क्लेमेंटे पूल, पलीकडे डाउनटाउनच्या इमारती. मॅच असली की पूल गाड्यांना बंद असतो, आम्ही पलीकडे गाडी लावतो आणि चालत येतो. चार माणसांचं तिकीट काढूनही दुसऱ्या कुठल्याही खेळापेक्षा स्वस्त पडतं. पेंग्विन्सच्या एका तिकिटात आमचं अख्खं कुटुंब येतं.

हे सगळं नटिंगच्या खिशात जातं, मान्य. पण माझ्या मुलीचा उन्हाळा मी नटिंगच्या रागापायी का घालवू?

तीन_नद्या

रेवतीताई, तुमचं खरं आहे आणि तोच तर घोळ आहे. मैदान इतकं देखणं आहे की संघ कसाही असला तरी लोक येतात. शुक्रवारी फटाके, शनिवारी स्कीन्सची मान हलवणारी बाहुली फुकट. एप्रिलमध्ये त्या बाहुलीसाठी रांगा पुलापर्यंत गेल्या होत्या. मग बॅटर कशाला विकत घ्यायचा?

टोरांटोची_मावशी

अहो तुम्ही काय सांगताय दुःख. आमचं ताजं आहे, १ नोव्हेंबरचं. वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, घरचं मैदान, नवव्या इनिंगला ४-४, बेस भरलेले, एकच आउट. एक रन हवा. बॉल सेकंड बेसमनकडे, तो तोल जाता जाता होमप्लेटला फेकतो आणि थर्ड बेसवरून येणारा आमचा पोरगा बोटभर अंतराने आउट. अकराव्या इनिंगला ५-४ ने गेलो. आमच्या ह्यांनी दोन दिवस फोन उचलला नाही कुणाचा. लेकाने जर्सी धुवायला टाकली नाही अजून, म्हणे नशीब धुतलं जाईल. आता कसलं नशीब राहिलंय त्यात.

तीन_नद्या

मावशी, तो तुमचा पोरगा म्हणजे आयझाया कायनर-फलेफा. ऑगस्टअखेरपर्यंत आमच्याकडे होता! आम्ही सोडला, तुम्ही उचललात.

आता हे बघा. १९९२ ला होमप्लेटवर सिड ब्रीम, पूर्वीचा पायरेट, गुडघे गेलेला, सावकाश धावणारा: सेफ, आणि आम्ही बाहेर. २०२५ ला होमप्लेटवर कायनर-फलेफा, पूर्वीचा पायरेट, ठणठणीत, चपळ: आउट, आणि तुम्ही बाहेर. आमच्याकडून गेलेला माणूस सातव्या मॅचला प्लेटकडे धावत सुटला की कुणाचं ना कुणाचं घर बसतंच. पुढच्या वेळी आमच्याकडचा कुणी घेताना विचार करा.

टोरांटोची_मावशी

आता हे ह्यांना वाचून दाखवू की नको? :(

विसोबा_खेचर_नाही

मी पिटमध्ये, म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठात पीएचडी करतोय. माझ्या डिपार्टमेंटच्या वाटेवर पायरेट्सच्या जुन्या मैदानाची, फोर्ब्ज फील्डची विटांची भिंत उभी आहे. १३ ऑक्टोबर १९६०, वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, समोर यांकीज, नवव्या इनिंगला ९-९, आणि बिल मॅझरॉस्कीने लेफ्ट फील्डच्या भिंतीवरून बॉल घालवला. सातव्या मॅचला होमरनने वर्ल्ड सिरीज संपली अशी आजवरची तेवढी एकच. मैदान पाडून विद्यापीठाच्या इमारती झाल्या, होमप्लेट पॉस्वार हॉलमध्ये फरशीत काचेखाली आहे. पोरं कॉफी घेऊन तिच्यावरून जातात.

दरवर्षी १३ ऑक्टोबरला त्या भिंतीपाशी लोक जमतात. घडीच्या खुर्च्या, थर्मास, त्या दिवशीचं जुनं रेडिओवरचं धावतं वर्णन लावतात, पहिल्या पिचपासून, आणि तो होमरन बरोबर त्या वेळेला, दुपारी ३:३६ ला पडेल असा मेळ घालतात. यंदा मी थांबलो होतो. शेजारी एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे. निकाल पासष्ट वर्षं माहीत असून सातव्या इनिंगला यांकीज पुढे असताना ते अस्वस्थ झाले होते, काठी जमिनीवर आपटत होते. मी त्यांना विचारलं, सध्याची टीम बघता का. म्हणाले, रोज. मग एक शिवी दिली, ती इथे लिहिता येणार नाही.

ओकलंडचा_शेजारी

बहिष्काराबद्दल बोलताय म्हणून राहवलं नाही. आमच्या ए'ज चं, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या बेसबॉल संघाचं ऐका आणि मग ठरवा.

मालकाने चांगले खेळाडू एकेक करून विकले, तिकिटं महाग केली, लोक यायचे बंद झाले. मग मालक म्हणाला, बघा, या गावाला संघ नकोच आहे. तेव्हा लोकांनी उलटा बहिष्कार काढला. १३ जून २०२३, मंगळवारची साधी मॅच, एरवी चार-पाच हजार डोकी असायची. त्या दिवशी २७,७५९. सगळ्यांच्या अंगात हिरवे टीशर्ट, त्यावर एकच शब्द: विका. मी होतो. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला ठरल्याप्रमाणे अख्खं स्टेडियम गप्प झालं, आणि मग एकदम तोच शब्द ओरडायला लागलं. मॅचही जिंकलो, टॅम्पाविरुद्ध २-१. वाटलं काहीतरी हललं.

काही हललं नाही. सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधली शेवटची मॅच झाली, आता सॅक्रामेंटोत मायनर लीगच्या मैदानावर खेळतात, पुढे लास वेगसला जाणार आहेत. गेलात तरी मालक ऐकत नाही, न गेलात तर ते कारण म्हणून वापरतो. तीन_नद्या, घरी बसा जरूर, पण त्याने नटिंग विकेल असं मनात असेल तर काढून टाका.

मन्रोविलकर

मीटिंग संपली. मी जे लिहिणार होतो ते ओकलंडवाल्यांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं. +१.

दोनच गोष्टी घालतो. एक, स्कीन्स २०२९ पर्यंत आपल्याकडे बांधलेला आहे, तोवर बाजारात जाऊ शकत नाही. दोन, शेतात, म्हणजे आपल्या खालच्या संघांत पीक आहे. बबा चँडलर ऑगस्टमध्ये वर आला, बॉल आग आहे. कॉनर ग्रिफिन, शॉर्टस्टॉप, २०२५ ला विशीच्या आतच, आणि देशातल्या होतकरूंच्या याद्यांत तेव्हा अगदी वर. ओनील क्रूझने मे महिन्यात ताशी १२२.९ मैलांनी बॉल मारला, मोजमाप सुरू झाल्यापासून तोवर याहून जोरात कुणीच मारलेला नव्हता, गेला अलेघेनी नदीत. दोन बॅटर विकत घ्या रे, दोन!

आकडेमोड

क्रूझने एक बॉल नदीत घातला, खरं. हंगामाची सरासरी .२०० होती, म्हणजे पाचात एक हिट, तीही लिहा.

मन्रोविलकर

लिहिली असती तर मला अजून एक मीटिंग लागली असती.

एलएकर

जरा गंभीरपणे. खेळाडूंबरोबरचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. मालक मंडळींना पगारावर टोपण हवंय आणि त्यासाठी बोट आमच्याकडे दाखवणार. युनियन कधीच मानणार नाही, १९९४ ला याच्यावरूनच संप होऊन वर्ल्ड सिरीज बुडाली होती. २०२७ ला मैदानं बंद राहिली तर तुम्हाला बहिष्कार टाकायची वेळच येणार नाही. माझं मत: टोपण आलं तर तळही आला पाहिजे. नुसतं टोपण म्हणजे नटिंगसारख्यांना आणखी एक सुट्टी.

तीन_नद्या

एलएकर, डॉजर्सवाल्याशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. तळ पाहिजे. तेवढी एक गोष्ट झाली तरी मी पुढची वीस वर्षं निमूट हरायला तयार आहे, कारण निदान प्रयत्न करून हरलो असं म्हणता येईल.

व्यवस्थापक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. संघमालकांच्या कुटुंबाबद्दल वैयक्तिक शेरेबाजी नको. खेळावर बोला.

खारीबिस्कीट

मी काही बोलले नव्हते हां.
पण एक अवांतर. माझे आईबाबा जूनमध्ये नाशिकहून येतायत, क्लीव्हलंडला आमच्याकडे. बाबांना क्रिकेटचं वेड. एक मॅच दाखवावी म्हणते, पिट्सबर्ग दोन-सव्वादोन तासांवर आहे. कुठली तिकिटं काढू? आईला गुडघ्यांचा त्रास आहे, आणि मला त्या करंज्यांची शर्यत बघायची आहे.

रेवती_म

या या! खालच्या मजल्याचं काढा, आईंना पायऱ्या कमी पडतील. लिफ्ट आहे, पण मॅच सुटल्यावर गर्दी होते.

तीन_नद्या

तिसऱ्या बेसच्या बाजूचं घ्या, खारीताई. फर्स्ट बेसकडून पूल आणि इमारती तितक्या दिसत नाहीत. सातची मॅच घ्या, दुपारची नको, जूनमध्ये त्या बाजूला दुपारी ऊन मरणाचं. पाण्याची सीलबंद बाटली आणि घरचं खाणं आत नेऊ देतात, थालीपीठं करून न्या. बाबांना आधी एवढंच सांगा की फाउल म्हणजे बाद नव्हे आणि प्रत्येक बॉलला धावायची सोय नाही, बाकी ते दुसऱ्या इनिंगपर्यंत आपल्याला समजावून सांगू लागतील.

आणि तिकिटं काढायच्या आधी स्कीन्सचा दिवस कुठला ते बघा. पाच-सहा दिवसांनी एकदा टाकतो, आधी चार दिवस कळतं. मला इथे निरोप टाका, मी सांगतो.

चौथा_अंपायर

म्हणजे बहिष्कारवाले स्वतः जाणार नाहीत, गिऱ्हाईक मात्र पाठवणार. बरंय.

तीन_नद्या

पाहुण्यांना सूट आहे.

खारीबिस्कीट

मग तुम्हीही आमचे पाहुणे म्हणून या की. चौथं तिकीट मी काढते.

तीन_नद्या

बायकोने हे वाचलं आहे. उत्तर ती देणार आहे म्हणे.